हॉटेल लाईन सोडून सीनियर लिव्हिंगमध्ये जावं का? आत काम केलेल्यांनी सांगा

फ्रंटडेस्क_सातारकर

नमस्कार मंडळी, जरा गोंधळात आहे म्हणून इथे टाकतोय. मी हॉटेल मॅनेजमेंट केलंय, हिंजवडी साईडला एका बिझनेस हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे बरीच वर्षं. आता तळेगावजवळच्या एका सीनियर लिव्हिंग प्रोजेक्टमधून ऑफर आलीये. पोस्टचं नाव भारी आहे, रेसिडेंट रिलेशन्स एक्झिक्युटिव्ह, पण नेमकं करायचं काय ते वाचून कळत नाही, शेवटी "वरिष्ठ सांगतील ती इतर कामे" अशी एक ओळ आहे, मला तीच मुख्य वाटते. दीडेकशे फ्लॅट, सगळे साठीच्या पुढचे, बरेच एकटे राहणारे, मुलं बाहेर. मेस आहे, छोटं क्लिनिक आहे, आणि एका विंगचा तळमजला ज्यांना सतत माणूस लागतं त्यांच्यासाठी ठेवलाय.

पगार आत्तापेक्षा थोडा कमी पण राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण, म्हणजे हिशोब जमतो. अडचण वेगळी आहे. घरी सांगितलं तर आमचे अण्णा म्हणाले, वृद्धाश्रमात नोकरी करणार का आता, पाहुण्यारावळ्यांना काय सांगायचं. बायकोचं म्हणणं की रोज कुणीतरी गेलेलं बघून तूच आजारी पडशील. आणि एचआरच्या मॅडम इंटरव्ह्यूत म्हणाल्या, "हॉटेलसारखंच आहे हो, फक्त गेस्ट चेकआऊट करत नाहीत." हसत म्हणाल्या पण मला घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

पुण्यात अथश्री वगैरे अशाच प्रोजेक्ट्सची नावं ऐकून आहे, आत कधी गेलो नाही. तर ज्यांनी असं काम केलंय त्यांनी खरं खरं सांगा, दिवस कसा जातो, त्रास कशाचा होतो, हॉटेलचा अनुभव कामाला येतो का.

मंजिरी_पाषाण

मी अशाच एका ठिकाणी फ्लोअर मॅनेजर होते, आता ट्रेनिंगचं काम करते. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी अण्णांचं. इथे कुणी कुणाला आणून सोडलेलं नसतं (असतात काही, पण ते पहिल्या आठवड्यात ओळखू येतात). बहुतेक जण स्वतःचा फ्लॅट विकून किंवा भाड्याने देऊन, चार ठिकाणं बघून, ॲग्रीमेंटची प्रत्येक ओळ वाचून आलेले. त्यामुळे ते गेस्ट नाहीत, मालक आहेत, आणि आयुष्यभर कुठे ना कुठे सही करणारी माणसं होती ती. बँकेचे मॅनेजर, मुख्याध्यापिका, पाटबंधारे खात्यातले इंजिनियर. २०१९ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने रिटायरमेंट होम्ससाठी मॉडेल गाईडलाईन्स काढल्या, रॅम्प, कठडे, न घसरणाऱ्या फरश्या, अलार्म वगैरे. आमच्याकडचे एक काका त्याची प्रिंट फाईलला लावून फिरायचे आणि टेप घेऊन रॅम्पचा उतार मोजायचे. बरोबर असायचे ते, म्हणून तर मॅनेजमेंटला जास्त राग.

तुमचा खरा दिवस मेसमध्ये जाणार हे आत्ताच लिहून ठेवा. तक्रार रजिस्टर उघडलं तर लिफ्ट, पाणी, सिक्युरिटी सगळं मिळून जेवढं नसेल तेवढं जेवणावर. एकाला कवळीमुळे भाकरी चावत नाही, एकीला फुलका नको भाकरीच हवी, कुणाला चातुर्मासात कांदा लसूण चालत नाही, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलेले आठजण आणि "आमटी अळणी का" विचारणारेही तेच आठजण. यात चवीचा भाग कमी असतो, हे समजायला मला वेळ लागला. घर, गाडी, स्वयंपाकघर, बँकेचे व्यवहार, एकेक करून सगळं हातातून गेलेलं असतं, उरतं काय तर आज ताटात काय पडणार एवढंच. तिथे माणूस भांडणारच. मेस कमिटी नीट चालवू द्या त्यांना, मेन्यू त्यांनाच ठरवू द्या, मग निम्मं भांडण त्यांच्यात त्यांच्यात होतं.

हॉटेलचा अनुभव. नाव लक्षात ठेवणं, कुणी ओरडलं तरी आवाज न चढवणं, खोलीत शिरण्याआधी दार वाजवणं, हे तुम्हाला येतं आणि हॉस्पिटलमधून आलेल्यांना बऱ्याचदा येत नाही, ते थेट आत घुसतात. पण एक सवय मोडावी लागेल. हॉटेलात गेस्टने हात हलवायच्या आत तुम्ही बॅग उचलता. इथे ते केलंत तर नुकसान. शर्टाची बटणं लावायला आजोबांना दहा मिनिटं लागतात, लागू देत. तुम्ही रोज पटकन लावून दिलीत तर काही महिन्यांत त्यांना ती लावता येणार नाहीत आणि मग ते तळमजल्यावर शिफ्ट होणार. हात मागे बांधून उभं राहणं हे या कामातलं सगळ्यात कठीण काम आहे आणि बघणाऱ्याला वाटतं हा नुसता उभा आहे.

आता डोळे उघडे ठेवायच्या गोष्टी. सकाळी दाराबाहेर पेपर तसाच पडलाय, दूध उचललेलं नाही, की आधी इंटरकॉम, मग बेल, मग मास्टर की, आणि एकट्याने आत जायचं नाही. कालपर्यंत व्यवस्थित असलेल्या आजी आज अचानक असंबद्ध बोलायला लागल्या, खोलीत माणसं दिसतायत म्हणाल्या, तर "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. पुष्कळदा युरीन इन्फेक्शन असतं नाहीतर रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं आणि उपचार झाले की बाई परत तुमचा मेन्यू दुरुस्त करायला हजर. याउलट डिमेन्शिया हळूहळू येतो. संध्याकाळी दिवेलागणीला जास्त अस्वस्थ होतात, "मला घरी जायचंय, मुलं शाळेतून येतील" सुरू होतं. तेव्हा "आजी तुमची मुलं पन्नाशीची आहेत" हे सांगून काही उपयोग नाही, दिवे आधीच लावायचे, हाताला काम द्यायचं, शेंगा सोलायला दिल्या तरी चालतं.

नोव्हेंबरात तुम्ही अर्धे पेन्शन ऑफिसर होणार. हयातीचा दाखला. बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही, मग मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे तोच दाखला डिजिटल, काढायचं. केंद्राच्या पेन्शनरांना ८० च्या पुढे १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यांचे आधी उरकून घ्या. आणि "डिजिटल अरेस्ट"चे फोन. सीबीआयमधून बोलतोय म्हणून आजोबांना दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात. सायबरचा १९३० नंबर प्रत्येक इंटरकॉमवर चिकटवा. मात्र पैसे, चेकबुक, एटीएमचा पिन याला तुम्ही स्वतः हात लावायचा नाही, कितीही प्रेमाने सांगितलं तरी. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही तर अजिबात नको.

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर पुढचे लोक देतील, मी दमले.

रात्रपाळी_परभणी

मी जीडीए आहे, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, पेशंटची अंघोळ-जेवण-उठबस बघणारा, कोर्स करून नाईट ड्युटी करायलोय. मंजिरी ताईंनी वरच्या मजल्याचं सांगितलं, मी तळमजल्याचं सांगतो. तुमची पोस्ट ऑफिसची आहे पण तळमजला नीट बघून घ्या कारण रात्री दोन माणसं कमी आली की ऑफिसवाल्यालाच बोलावतात, ती इतर कामांची ओळ त्याच्यासाठीच असते.

रात्रीचं काम म्हणजे कूस बदलणं. जे स्वतः हलू शकत नाहीत त्यांना दर २ तासाला फिरवायचं नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखम होते आणि ती जखम लई वाईट, महिनोन्महिने भरत नाही. एकट्याने उचलायचं नाही, दोघांनी चादरीसकट सरकवायचं, नाहीतर पस्तिशीतच तुमची कंबर गेली समजा. जेवण भरवताना पलंग सरळ, मान थोडी खाली, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, ठसका लागून अन्न फुफ्फुसात जातं. हे कुणी ओरडून सांगत नाही, पण यातलं एक चुकलं की ॲम्ब्युलन्स.

पडण्याचं बोलू. पडणारे बरेच जण रात्री बाथरूमला जाताना पडतात. झोपेतून एकदम उठतात, बीपी खाली जातो, चक्कर येते. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, उठलं की पलंगावर पाय सोडून जरा बसा, मग उभं राहा. बेल दिली तर वाजवत नाहीत, म्हणतात पोराची झोप कशाला मोडायची. अहो मी झोपायला आलोय का इथं! पण ऐकत नाहीत. मग मीच टायमिंग ओळखून जातो, कुणाला दीडला लागते, कुणाला चारला.

आणि एकादशी. आषाढीला तर डोळ्यात तेल घालून राहावं लागतं. आजोबा सवयीनं सकाळचं इन्सुलिन घेतात आणि उपास म्हणून खात नाहीत काही, अकरापर्यंत घामानं थबथबलेले, बोलणं अडखळायलं, लोकांना वाटतं अटॅक आला. शुगर बघायची, ७० च्या खाली असली आणि माणूस शुद्धीत गिळू शकत असला तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी परत चेक. शुद्धीत नसला तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८. आता आम्ही दशमीलाच यादी करून सिस्टरकडं देतो, कोण कोण धरणार, डॉक्टर डोस ठरवून देतात. उपास सोडा म्हणून सांगायच्या भानगडीत मी पडत नाही, माझी आई पण सोडत नाही.

वहिनींना सांगा रोज कुणी जात नाही. पण जातात. ज्याला अंघोळ घातली, ज्याची नखं कापली तो माणूस गेला की वाईट वाटतंच. त्यातलं आमच्या वाट्याला येतं ते काम. डॉक्टर येऊन बघतात, सर्टिफिकेट देतात, नातेवाईक परदेशात असले तर शवपेटी मागवायची आणि विमान येईपर्यंत थांबायचं. नोंद २१ दिवसात करायची असते. नेत्रदानाचा फॉर्म भरलेला असला तर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, म्हणून पंखा बंद करून पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि लगेच फोन. देहदानवाले पण बरेच असतात पुण्याकडं, पण नुसता फॉर्म भरून भागत नाही, जवळच्या नातेवाईकाचा होकार लागतो, आणि ऐनवेळी मुलगा नाही म्हणाला तर आपण मधे बोलायचं नाही. मला याचा राग येतो, आजोबा तर एवढं सांगून गेलेले असतात.

सगळ्यात जास्त त्रास विचाराल तर मेलेल्याचा नाही. जिवंत माणूस जातीवरून बोलतो त्याचा. "तू कुठला, आडनाव काय" झालं की पाण्याचा ग्लास दुसऱ्याकडून मागतात. डिमेन्शियावाल्यानं शिवी दिली तर सोडून देतो, त्याला कळत नाही. कळणारा बोलला की रात्रभर लागतं. यावर ऑफिसनं काही केलेलं मी पाहिलं नाही. तुम्ही तिथं गेलात तर तुम्ही करा.

वॉकरवाले_आप्पा

मी ७९, वीज मंडळातून निवृत्त, अशाच एका संकुलात रहिवासी. मुलगी म्हणाली बाबा तुमच्यावर चर्चा चालू आहे, वाचा. बोलून टाईप होतंय, चुकल्यास समजून घ्या.

परभणीच्या मुलाने शेवटी लिहिलं ते वाचून शरम वाटली. आमच्यातलेच आहेत ते. आमच्याकडे असं घडलं तेव्हा आम्ही दोघा-तिघांनी त्या गृहस्थांच्या टेबलावर बसणं बंद केलं. त्यांच्यात फरक पडला असं म्हणणार नाही. पण मुलाला कळलं कोण कुठे उभं आहे.

सातारकर, तुम्हाला रहिवाशाच्या बाजूने चार शब्द. आमच्याशी मोठ्याने बोलू नका, सगळे बहिरे नसतात, आणि जे असतात त्यांना ओरडून ऐकू येत नाही, समोर येऊन सावकाश बोला. "आज आपण गोळी घेतली का, आपण शी केली का" हे आपण-आपण बंद करा, मी केली, तुम्ही नाही. काका म्हणा, आप्पा म्हणा, आडनावाने साहेब म्हणा, पण "क्यूट" म्हणू नका. एक प्रशिक्षणार्थी मुलगी मला क्यूट म्हणाली होती, मी वीस हजार व्होल्टच्या खाली काम केलेला माणूस.

आणि मुख्य. माझ्याबद्दलचा प्रश्न मला विचारा. मी समोर खुर्चीत बसलेला असताना डॉक्टर माझ्या मुलाला फोनवर विचारतात की ऑपरेशन करायचं का. मुलाने खोलीत कॅमेरा बसवला, मला "सेफ्टी" म्हणून सांगितलं. मी त्यावर माझी माकडटोपी घातली. दोन दिवसांत ऑफिसातून फोन, काका कॅमेरा झाकला गेलाय. म्हटलं झाकला गेला नाही, मी झाकलाय, तसं रजिस्टरला लिहा. पडलो तर पडलो. घरात असतो तरी पडलोच असतो.

मेलबर्नची_लेक

आप्पा, तुमचं वाचून हसू आलं आणि रागही आला, कारण ती टोपी घालणारी माझीच आई असू शकते.

दुसरी बाजूही ऐका. आई पुण्यात अशाच ठिकाणी आहे. रोज फोनवर "मी मस्त, तू जेवलीस का". मागच्या वर्षी मी गेले तेव्हा अंघोळीला मदत करताना दंडावर, कमरेवर हिरवे-पिवळे डाग. दोनदा पडली होती. तिने सांगितलं नाही कारण मी काळजी करेन म्हणून, आणि तिथल्या बाईने सांगितलं नाही कारण आईने तिला शपथ घातली होती म्हणून. मला सांगा मी इथे बसून काय करायचं? आमच्या इथल्या उन्हाळ्यात घड्याळ साडेपाच तास पुढे, आईचं रात्रीचं जेवण होतं तेव्हा माझी मध्यरात्र उलटलेली. नवरा म्हणतो फोन बंद ठेवून झोप. नाही ठेवता येत.

सातारकर, तुमच्यासारख्या माणसाचा मेसेज आला की "मावशी आज भजनाला बसल्या होत्या, दोन वाट्या खीर खाल्ली" तर माझा पुढचा पूर्ण दिवस बरा जातो. तुम्हाला वाटेल हे काय काम आहे. मी तरी त्यासाठी जास्त मेंटेनन्स भरायला तयार आहे. पण खोटं नका लिहू. आमच्या ग्रुपवर रोज एकच कॉपी पेस्ट यायचं, "ऑल रेसिडेंट्स हॅपी अँड हेल्दी", ज्या दिवशी आई तापाने फणफणली होती त्या दिवशीसुद्धा.

मंजिरी_पाषाण

हाच तो पेच. सातारकर, नीट वाचा, कारण तुमच्या पोस्टचं काम म्हणजे आप्पा आणि ही लेक यांच्या मधे उभं राहणं, बाकी सगळं कुणीही शिकवेल.

मी माझ्यापुरता नियम केला होता, पटला तर घ्या. माणूस राहायला आला की पहिल्याच आठवड्यात त्याच्यासमोर, त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं की काय झालं तर कुणाला कळवायचं आणि काय कळवायचं नाही, आणि ती प्रत मुलांनाही द्यायची. पडणं, हॉस्पिटल, औषध बदललं, हे त्याच दिवशी कळवणार, शपथ घातली तरी, आणि तसं आजींना आधीच तोंडावर सांगणार. बाकी त्यांनी दोन वाट्या खीर खाल्ली शुगर असताना, रात्री बारापर्यंत सिरीयल बघितली, शेजारच्या काकांबरोबर रोज फिरायला जातात, हे मी मुलांना सांगणार नाही. शेवटच्या गोष्टीवरून तर मला अमेरिकेतून एकाचा फोन आला होता, "आई कुणाबरोबर बसते ते रिपोर्ट करा". म्हटलं, त्यांना विचारा, त्यांच्याकडे फोन आहे.

खिरीबद्दल माफ करा मेलबर्न 😀

पण हेही सांगते की हे सगळ्या ठिकाणी करू देत नाहीत. मेंटेनन्सचा चेक मुलगा देत असेल तर मॅनेजमेंट मुलाचं ऐकते. मी ती नोकरी सोडली त्यात हे एक कारण होतं.

वॉकरवाले_आप्पा

लेकी, पडल्याचं कळवायला हवं. मंजिरीताईंचं मान्य. कॅमेरा मान्य नाही.

फ्रंटडेस्क_सातारकर

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. अण्णांना सगळं वाचून दाखवलं. ते मधेच म्हणाले तिथे फ्लॅट केवढ्याला आहे. म्हणजे विषयच बदलला.

एचआरला मेल टाकलाय की जॉईन व्हायच्या आधी मला एक पूर्ण दिवस आणि एक रात्र तिथे थांबू द्या, रात्र तळमजल्यावर. अजून उत्तर नाही. हो म्हणाले तर काय बघू, काय विचारू? आणि परभणीकर, जातीवरून बोलण्याचं तुम्ही लिहिलंत ते एचआरला विचारणार आहे मी, त्यांच्याकडे काही लेखी पॉलिसी आहे का म्हणून.

मंजिरी_पाषाण

नाही म्हणाले तर तेच तुमचं उत्तर. हो म्हणाले तर रात्री सिस्टर प्रत्यक्ष हजर असते का फोनवर असते ते बघा. ॲम्ब्युलन्स स्वतःची का बाहेरची, जवळच्या हॉस्पिटलला किती वेळ लागतो, तळेगाव साईडला पावसाळ्यात ट्रॅफिकमध्ये किती. एखाद्या बाथरूममधलं इमर्जन्सी बटन दाबा आणि कोण किती वेळात येतं ते बघा, आधी सांगू नका. आणि स्टाफ कुठे जेवतो ते बघा. स्टाफला रहिवाशांच्याच भांड्यातलं जेवण असेल तर सहसा बाकीचंही बरं असतं.

रात्रपाळी_परभणी

विचारणार म्हणालात, बरं वाटलं. लेखी असलं तर मला पण पाठवा, आमच्या इथं दाखवतो.

बाकी खोलीत किती जण राहणार ते बघा, "राहायला खोली" म्हणतात आणि चौघं निघतात. पीएफ कापतात का. हाताखालच्या मुलामुलींचं ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आहे का ते पण विचारा, २१ हजाराच्या आत पगार असला की लागू होतं, आपल्या पगारातून पाऊण टक्का जातो फक्त, पण ब्युरोमार्फत, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून आलेल्या पोरींचं कित्येक ठिकाणी भरतच नाहीत, आणि कंबर त्यांचीच जाते. बूट रबरी सोलचे घ्या, आवाज न होणारे. आठवड्याची सुट्टी लेखी घ्या. दिवाळीचं आत्ताच बोलून ठेवा, तेव्हा सगळ्यांनाच गावाकडं जायचं असतं आणि नवीन माणसाला थांबवतात, पण दिवाळीत मुलं-नातवंडं येतात त्यामुळं काम डबल असतं, पार्किंगपासून गाद्यांपर्यंत, तर निदान पाडव्याला तरी सोडा म्हणावं.